डबा नागपूरचा, प्रमाणपत्र भोपाळचं

३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत पांढुर्णा आणि सौंसरची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी राज्यांची पुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. या दोन तहसिलींच्या घरांतली मराठी त्यामुळे कुठे गेली नाही. सीमेपलीकडच्या काटोल-नरखेडशी सोयरिकी होत राहिल्या, संत्र्याच्या गाड्या नागपूरच्या बाजारात जात राहिल्या. बदललं ते कागदाचं ठिकाण. नागपूर पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटर, भोपाळ त्याच्या जवळपास तिप्पट.

संगणकाच्या हकिगतीत ही सीमा आधी सांगायला हवी, कारण पुढे चाळीसेक वर्षांनी संगणक या भागात आला तो दोन वेगळ्या वाटांनी. वस्तू नागपुरातून आली. हुकूम, अभ्यासक्रम आणि सर्व्हर भोपाळहून आले. आयटी सपोर्ट शिकणारी मुलं आज हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्कचे जे शब्द एका बैठकीत पाठ करतात, ते या वाटांनी एकेक करून आले आणि प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या अडचणीबरोबर आला. पुस्तकात ते ओळीने मांडले की अडचण गळून पडते, नुसती व्याख्या उरते. मुलांना हा विषय रूक्ष वाटतो त्याचं कारण मला इथे दिसतं.

सुरुवात मात्र दूरवर, मुंबईत झाली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती आजच्या हिशेबात जेमतेम काही किलोबाइटची. फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून ती विणलेली होती. प्रोसेसर आणि मेमरी हे दोन वेगळे भाग आहेत, एक हिशेब करतो आणि दुसरा हिशेबापुरतं लक्षात ठेवतो, ही विभागणी तेव्हाही हीच होती. आज रॅमची पट्टी बोटाएवढी झाली आहे, काम तेच आहे.

पुढची पंचवीस वर्षं संगणक मोठ्या संस्थांच्या वातानुकूलित खोल्यांत राहिला. १९८४ नंतर सरकारने धोरण सैल केलं. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं निकनेट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहामार्फत जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पसरू लागलं. जाळं येणार होतं ते छिंदवाड्यापर्यंत. त्याखाली तहसिलीत कागद आणि कार्बनच. बँकांत कर्मचारी संघटनांशी करार होऊन आणि रंगराजन समितीचा अहवाल येऊन खातेवहीची यंत्रं शिरली, रेल्वेचं आरक्षण दिल्लीपासून संगणकावर जाऊ लागलं. या गोष्टी देशभर सगळीकडे साधारण एकाच रीतीने घडल्या.

या भागासाठी त्याहून मोलाची घटना टेलिफोनची होती. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ लाइनींचं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज तयार केलं. धूळ आणि उन्हाळा सोसून, वातानुकूलनाशिवाय चालेल अशी त्याची रचना होती. परदेशी एक्स्चेंजला थंड खोली लागायची. लहान गावात ती द्यायची कुणी? एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लागल्या, संत्र्याचे व्यापारी बाहेरच्या बाजाराचा भाव थेट विचारू लागले. याच तांब्याच्या तारेवरून पुढे इंटरनेट येणार होतं. मोडेम नावाचं यंत्र संगणकाचे अंक आवाजात बदलतं आणि पलीकडे त्या आवाजाचे परत अंक करतं. तार आणि एक्स्चेंज धड नसतील तर मोडेम कितीही महागाचा आणा, काही उपयोग नाही.

नव्वदच्या दशकात पीसी लहान शहरांत शिरू लागले तेव्हा त्यांवर डॉस होतं. काळ्या पडद्यावर पांढरा प्रॉम्प्ट, हातात फ्लॉपी. बूट होणं म्हणजे काय हे त्या पिढीला डोळ्यांनी दिसलं. बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस आधी स्वतःचे अवयव तपासतो, मग फ्लॉपीचा किंवा हार्ड डिस्कचा पहिला कप्पा वाचतो, आणि तिथल्या छोट्या प्रोग्रामच्या मदतीने ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीत येते. त्या पहिल्या कप्प्याला बूट सेक्टर म्हणतात. तो किती नाजूक आहे हे एका मराठी आडनावाने देशाला शिकवलं. १९९० साली भारतात सापडलेला जोशी व्हायरस बूट सेक्टरमध्ये घर करायचा. ५ जानेवारी उजाडला की मशीन अडून बसे आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा असा संदेश दाखवी. तेवढं वाक्य इंग्रजीत टाइप केल्याखेरीज काम पुढे सरकत नसे. उपाय असा, की मशीन पूर्ण बंद करायचं, लिहिण्याला कुलूप घातलेल्या स्वच्छ फ्लॉपीने सुरू करायचं आणि मगच हार्ड डिस्कला हात लावायचा. ‘स्वच्छ माध्यमातून बूट करा’ हा नियम आजच्या पेन ड्राइव्हलाही लागू आहे.

त्याच दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळलेले कैलाश काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी दुरुस्तीच्या कामातूनच क्विक हील हा अँटिव्हायरस काढला. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनना व्हायरस लागलेले असत आणि ते काढायची साधनं संजय लिहून देत. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात उतरली. हार्डवेअरचं काम म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं काम, असं आपल्याकडे कमीपणाने बोललं जातं. मराठी मुलखातली एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी त्याच टेबलावर जन्मली, हे पोरांना मुद्दाम सांगावं असं मला वाटतं.

मार्च १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि संगणकाच्या सुट्या भागांवरची जकात उतरत उतरत २००५ पर्यंत शून्यावर यायची ठरली. त्यामुळे ‘असेंबल्ड’ मशीनचा काळ सुरू झाला. कंपनीची पेटी न घेता मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क आणि कॅबिनेट वेगवेगळं घ्यायचं आणि स्वतः जोडायचं. पांढुर्णा-सौंसरसाठी ही खरेदी म्हणजे नागपूर, आणि नागपुरात बर्डीचा बाजार. पांढुर्ण्याहून इटारसी-नागपूर मार्गाची गाडी होती. सौंसरहून छोटी लाइन. अडीच फुटी रुळांची ती गाडी छिंदवाड्याहून सौंसरमार्गे नागपूरच्या इतवारी स्टेशनात जायची आणि २०१५ साली गेज बदलासाठी बंद होईपर्यंत चालली. काचेचा जाड मॉनिटर खोक्यातून सांभाळत आणणं सोपं नव्हतं. त्या खोक्याशेजारच्या पत्र्याच्या डब्याला तेव्हापासून आजपर्यंत सगळे सरसकट ‘सीपीयू’ म्हणत आले. सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या आत, मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये, पंख्याखाली बसलेली तळहातात मावणारी चिप. डब्याला सीपीयू म्हणणाऱ्या ग्राहकाला तंत्रज्ञाने हसू नये. मात्र त्याने सांगितलेला बिघाड लिहून घेताना तो डब्याचा आहे की चिपचा, हे स्वतः ठरवावं.

डबा आला, पण वीज नव्हती.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची औष्णिक वीज तिकडच्या वाट्याला गेली. उरलेल्या मध्य प्रदेशात पुढची काही वर्षं भारनियमनाची होती. २००३ ची विधानसभा निवडणूक बिजली, सडक, पानी या तीन शब्दांवर लढली गेली, हे त्या काळचे लोक विसरलेले नाहीत. नेमक्या याच वर्षांत तहसिलीच्या गावांत संगणकाचे वर्ग निघू लागले. माझ्या मते या भागातला हार्डवेअरचा खरा शिक्षक हे भारनियमन आहे.

रॅम आणि हार्ड डिस्क यांतला फरक पुस्तक दोन ओळींत सांगतं: पहिली तात्पुरती, दुसरी कायमची. लाइट गेल्यावर तो फरक अंगाला भिडतो. अर्धा तास टाइप केलेला अर्ज पडद्यावर दिसत असतो तोवर तो रॅममध्ये असतो; सेव्ह केल्याखेरीज डिस्कवर उतरत नाही. वीज तुटली की रॅममधलं सगळं नाहीसं होतं. डिस्कच्या चुंबकीय तबकडीवर जे लिहिलं गेलं तेवढं उरतं. दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस या कळा दाबायची सवय त्या वर्गांतून गेलेल्या माणसांच्या बोटांत असते ती यामुळे.

मग यायचा निळा पडदा. विंडोज ९८ नीट बंद झालं नसेल तर पुढच्या वेळी ते स्कॅनडिस्क चालवून डिस्क तपासत बसे. त्याची फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल तबकडीच्या कुठल्या तुकड्यांत आहे याची नोंद ठेवायची पद्धत, फॅट ३२ होती. नोंद अर्धवट असताना वीज गेली तर तुकडे बेवारस होत. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने एनटीएफएस घरोघरी नेलं. यात बदल करण्यापूर्वी आधी रोजनाम्यात टिपण होतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तर टिपण वाचून नोंद पूर्ववत करता येते. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की फक्त पडद्याचे रंग बदलतात असं समजणाऱ्याने हा एक फरक ध्यानात घ्यावा. वीज वारंवार जाणाऱ्या गावात एनटीएफएस ही चैन नव्हती.

यूपीएस हा शब्दही तेव्हाचाच. लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन रीतसर बंद करायचं. वर्ग चालवायचा तर इन्व्हर्टर किंवा जनरेटर हवा. वीज असली तरी दाब खालीवर व्हायचा आणि त्याचा पहिला मार एसएमपीएसवर बसायचा. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज करणारी ही पेटी. मशीन मेलं असं ग्राहक म्हणाला की जाणता तंत्रज्ञ आधी एसएमपीएस बोर्डापासून सोडवतो आणि मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडून पाहतो. पंखा फिरला तर पेटीत जीव आहे, मग संशय बोर्डावर. बोर्डावर कपॅसिटर फुगलेले दिसतात का ते बघायचं. त्या वर्षांतल्या कित्येक बोर्डांना ही खोड होती. तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीआर २०३२ ही गोल बॅटरी संपलेली असते. पडदा काळा आणि आत लांब शिट्या वाजत असतील तर बहुधा रॅम. पट्टी काढायची, सोनेरी कडेवर पेन्सिलचं खोडरबर फिरवायचं, झटकून परत बसवायची. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर दोष मशीनचा नसून भिंतीच्या अर्थिंगचा असतो. २०१३ मध्ये राज्यात अटल ज्योती अभियानाने अखंड विजेचा कार्यक्रम सुरू झाला. पण बिघाड शोधताना विजेपासून सुरुवात करायची, हा क्रम त्यानंतरही बदललेला नाही, आणि बदलूही नये.

या वर्गांतली प्रमाणपत्रं भोपाळहून यायची. माखनलाल चतुर्वेदी यांच्या नावाचं पत्रकारितेचं विद्यापीठ १९९० च्या कायद्याने भोपाळला स्थापन झालं. त्याने गावोगावच्या खासगी वर्गांना अध्ययन संस्था म्हणून संलग्न केलं आणि त्यांतून बारावीनंतर डीसीए, पदवीनंतर पीजीडीसीए असे अभ्यासक्रम चालवले. पत्रकारितेच्या विद्यापीठाने तहसिलीपर्यंत संगणक पोहोचवावा, ही मध्य प्रदेशाची खास गोष्ट आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने मराठीतून माऊस धरायला शिकवलं. नरखेड-वरूडच्या मुलाला पुस्तक मराठीत मिळालं. पांढुर्ण्याच्या त्याच्या मामेभावाने ऑपरेटिंग सिस्टीमची व्याख्या हिंदीत किंवा इंग्रजीत पाठ केली.

दोन्ही पद्धतींचं वजन वेगळं होतं. एमएस-सीआयटीचा भर वापरावर होता, डीसीएचा संकल्पनांवर. दुरुस्तीकडे वळायचं तर दुसऱ्याचा पाया जास्त उपयोगी. परंतु घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत एकही धडा नसणं ही हानी आहे. सौंसरच्या मुलाला प्रोसेसर समजायला हिंदी आडवी येत नाही, हे खरं. पण तोच मुलगा संध्याकाळी बापाला मराठीत समजावून सांगू लागला की अडखळतो, आणि ज्याला समजावून सांगता येत नाही त्याला बिघाडाची फोनवरून उकलही करता येत नाही. सपोर्टचं निम्मं काम समजावण्याचंच असतं.

लिपी तरी दोन्हीकडे एकच होती, देवनागरी. संगणकाने तिथेही भिंत घातली. मध्य प्रदेशातल्या टाइपिंगच्या दुकानांत कृतिदेव हा फॉन्ट चाले, महाराष्ट्रात श्रीलिपी आणि सी-डॅकचे फॉन्ट. या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र. प्रत्येकाची जागा वेगळी. नागपुरात टाइप केलेली लग्नपत्रिका फ्लॉपीवरून पांढुर्ण्यात आणली आणि तो फॉन्ट इथे नसला, की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग. फाइल खराब झाली असं समजून लोक परत टाइप करायचे. फाइल धड होती, तिच्यातल्या आकड्यांचा अर्थ दोन मशीन वेगवेगळा लावत होती. युनिकोडने हा प्रश्न मुळापासून सोडवला: देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. विंडोज २००० आणि त्यातला मंगल फॉन्ट यांच्यापासून तो सामान्य मशीनवर आला. मराठीतलं ॲ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये दाखल व्हायला २००८ उजाडलं. जुन्या कृतिदेवमधल्या फाइली अजून सरकारी कपाटांतून निघतात. त्या युनिकोडमध्ये कशा बदलायच्या हे सपोर्टवाल्याला आजही यावं लागतं.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांत इंटरनेट सुरू केलं. लहान गावांपर्यंत ते सरकारी दूरसंचारच्या संचारनेटने फोनच्या तारेवरून नेलं, आणि तिथून सायबर कॅफे निघाले. एक टेलिफोन, एक मोडेम, वेग सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट, आणि ग्राहक चार-पाच. एका जोडणीत सगळ्यांना बसवायचं कसं, या अडचणीतून लॅन, हब, गेटवे हे शब्द दुकानात आले.

सुरुवातीच्या लॅनमध्ये एकच कोअॅक्सियल केबल मशीनमागून मशीनला जायची आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचं टोपण लागायचं. मध्ये कुठे एक जोड सैल झाला की सगळी लॅन बंद, आणि तो जोड शोधायला प्रत्येक मशीनमागे वाकावं लागे. त्यानंतर पिळलेल्या जोड्यांची केबल आली. आठ तारा, आरजे-४५ चं पारदर्शक टोक, क्रिंपिंगची पक्कड. तारांचा क्रम पाठ असावाच लागतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. संत्र्याच्या मुलखात नारिंगीपासून सुरू होणारा क्रम विसरायला कुणाला होत नसावा. आता एक तार तुटली तर एकच मशीन बंद पडायचं. मध्ये बसलेला हब आलेला निरोप सगळ्यांना ऐकवायचा. त्याच्या जागी आलेला स्विच ज्याचा निरोप त्यालाच देतो, म्हणून गर्दी कमी होते.

१९९९ च्या विंडोज ९८ दुसऱ्या आवृत्तीत जोडणी वाटून घ्यायची सोय आली. मोडेम असलेलं मशीन स्वतःकडे १९२.१६८.०.१ हा पत्ता घेई आणि बाकीच्यांना त्याच मालिकेतले पत्ते वाटे. पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात, आणि बाहेर जायच्या दाराला गेटवे. हे १९२.१६८ चे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. आपल्याकडे प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ असतं. गावात ‘मारुतीजवळ’ एवढं सांगितलं की माणूस बरोबर पोहोचतो, पण बाहेरगावच्या पाकिटावर तेवढंच लिहिलं तर पत्र पोहोचत नाही. खासगी आयपीचं तसंच आहे. बाहेर जाताना गेटवे आपला खरा पत्ता लावतो आणि उत्तर आलं की आतल्या कुणाचं ते आठवून देतो. एखाद्या मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजायचं की पत्ता वाटणाऱ्याकडून उत्तरच आलं नाही आणि मशीनने स्वतःच एक पत्ता धरून ठेवला आहे. केबल, स्विच, मग गेटवे या ओळीने तपासत जायचं.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट या वेगाला ब्रॉडबँड म्हटलं. त्याच टेलिफोनच्या तारेवर, स्प्लिटर लावून, बोलणं आणि इंटरनेट एकत्र चालू लागलं. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. त्या पाठोपाठ राज्य सरकार आणि टीसीएस यांची एमपी ऑनलाइन ही संयुक्त कंपनी २००६ मध्ये आली आणि सायबर कॅफेंच्या जागी किऑस्क दिसू लागले. २०१० साली मध्य प्रदेशाने देशातला पहिला लोकसेवा हमी कायदा केला. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, खसऱ्याची नक्कल तहसिलीतल्या लोक सेवा केंद्रातून मुदतीत देणं बंधनकारक झालं. समग्र आयडी आली: कुटुंबाला आठ अंकी क्रमांक, माणसाला नऊ अंकी. छिंदवाड्याच्या खेपा वाचल्या, हा फायदा खरा आणि मोठा होता.

पण आता शेतकऱ्याच्या तोंडी एक नवं वाक्य आलं: सर्व्हर डाऊन आहे. बँकेत त्यालाच ‘लिंक नाही’ म्हणतात. सर्व्हर म्हणजे मागितलं ते देणारं मशीन, आणि मागणारं ते क्लायंट. पांढुर्ण्याच्या किऑस्कसाठी सर्व्हर कायम दुसऱ्या शहरात राहिला. शेवटच्या तारखेला अर्जांची झुंबड उडाली की तो खरोखर दमतो. तरीही ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून परत पाठवलेल्या माणसांपैकी कित्येकांची अडचण त्याच दुकानात असते, आणि ती शोधून काढणं हेच सपोर्टचं काम. त्यासाठी १९८३ साली लिहिलेला पिंग हा छोटा प्रोग्राम पुरतो. आधी गेटवेला पिंग. उत्तर नाही तर दोष आपल्या केबलमध्ये किंवा राउटरमध्ये. मग बाहेरच्या एखाद्या पक्क्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. उत्तर नाही तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन. तिथून उत्तर येतं पण संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर काही उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा अडकली आहे. हे तिन्ही ठीक असतील तरच सर्व्हरवर बोट ठेवायचं. ही पाच मिनिटांची तपासणी न करता वीस किलोमीटरवरून आलेल्या म्हातारीला उद्या या म्हणणं, हे मला अक्षम्य वाटतं.

आणखी एक गोष्ट सायबर कॅफेच्या काळातली. २००३ मध्ये निक्सी ही देशांतर्गत जोडणीची संस्था येण्यापूर्वी दोन वेगळ्या कंपन्यांच्या भारतीय ग्राहकांमधली वाहतूक पुष्कळदा परदेशातून फिरून यायची. पांढुर्ण्याची ई-मेल भोपाळला जाताना अमेरिकेला जाऊन येणं अशक्य नव्हतं. अंतर आणि वेळ यांचा नेटवर्कमधला संबंध नकाशावर मोजता येत नाही, हे ट्रेसरूट, म्हणजे वाटेतले टप्पे दाखवणारा प्रोग्राम, चालवून पाहिलं की आजही दिसतं.

२०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचं ठरवलं. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये फायबरचं मुख्य टोक सांभाळणारं ओएलटी, पंचायतीत दुसऱ्या टोकाचं ओएनटी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि कित्येकांचं इंटरनेट तारेशिवाय मोबाइलवरच सुरू झालं. त्याच सुमारास राज्यात सीपीसीटी ही परीक्षा सुरू झाली. डेटा एंट्री ऑपरेटर आणि सहायक वर्गाच्या सरकारी नोकरीसाठी टाइपिंगबरोबर हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्कचे प्रश्न तीत येतात. आयटीआयच्या कोपा अभ्यासक्रमातही हेच शब्द आहेत. ज्या गोष्टी आधीच्या पिढीने काळोखात, इन्व्हर्टरच्या आवाजात शिकल्या त्यांना आता पर्यायांचे अ, ब, क, ड मिळाले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्यात थांबलेलं जिल्ह्याचं ठिकाण इथवर आलं. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं लागतात, कार्यालयांना मशीन, आणि शेकडो फॉर्ममधल्या जिल्ह्याच्या यादीत एक नवं नाव. डेटाबेसमध्ये जुन्या नोंदी छिंदवाड्याच्या, नव्या पांढुर्ण्याच्या. एकाच माणसाचे दोन दाखले दोन जिल्ह्यांचे निघाले तर कुठला ग्राह्य धरायचा आणि नोंद कुणी सुधारायची, असे प्रश्न खिडकीवर बसलेल्या ऑपरेटरकडेच येतात.

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप किंवा तिची प्रोसेसरमधली सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीची मशीन चालू स्थितीत आहेत, पण त्यांना सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या नेहमीसारख्या मिळणार नाहीत. जुन्या मशीनमध्ये एसएसडी घालून सी-डॅकचं बॉस किंवा दुसरं एखादं लिनक्स टाकता येतं. दाखल्यांची पोर्टलं ब्राउझरमध्ये चालतात, तेवढ्याने भागतं. खरी पारख प्रिंटरची आणि अंगठा घेणाऱ्या यंत्राची आहे. त्यांचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळाला तर मशीन आणखी काही वर्षं ओढता येईल; नाही मिळाला तर नवा डबा घ्यायला बर्डीला जावं लागेल.